गावातला वीरगळ मुलांसोबत वाचूया



तुमच्या गावात मारुतीच्या देवळामागे किंवा पारापाशी शेंदूर फासलेला एखादा उभा कोरीव दगड आहे का? नीट बघा. बऱ्याचदा तो देव नसतो, वीरगळ असतो. म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. कन्नडमध्ये दगडाला कल्लु म्हणतात, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला.

मुलांना वीरगळ वाचायला शिकवणं सोपं आहे, कारण तो चित्रकथेसारखाच असतो. फक्त खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा आडवा पडलेला दिसतो. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो. शेंड्याला कलश आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ.

खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर समजायचं, जनावरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला. पोरांना हे फार भिडतं बरं का. राजा नाही, सेनापती नाही, गाईंसाठी मेलेला गावचाच कुणीतरी! बोरिवलीजवळच्या एक्सर गावातल्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे.

मग मुलं विचारतातच, याचं नाव काय? आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत पाट्या बसवल्या. गावातून किती माणसं युद्धावर गेली आणि त्यातली किती मेली, एवढाच त्यावर आकडा. नावं तिथंही नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे या एकाच गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. पण मला विचाराल तर नुसत्या आकड्यापेक्षा वीरगळ जास्त बोलतो. माणूस कशासाठी मेला ते तरी तो दाखवतो.

आणि हेच दगड आपल्या डोळ्यांदेखत चाललेत. कुठे धुणं आपटायला, कुठे पायरीला, कुठे देवळाच्या जीर्णोद्धारात थेट पायात. कुणी हौसेनं ऑइलपेंट मारतं, की बारीक कोरीवकाम संपलंच.

एक तास वर्गाबाहेर काढा. मुलांना टेपने उंची-रुंदी मोजू द्या, चौकटी वहीत काढू द्या, दगड कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे ते लिहू द्या. फोटोसह ही नोंद शाळेत ठेवा, एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. दगड धुवायचाच असेल तर साध्या पाण्याने. तारेचा ब्रश, ॲसिड नको. शेंदूर असेल तर खरवडू नका, ती गावाची श्रद्धा आहे. आणि घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारायला सांगा, या दगडाला आपल्याकडे काय म्हणतात?