दिल्लीत भेटलेला 'खेकडा'

दिल्ली पाहायला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, एक दिवस आग्रा आणि उरलेली संध्याकाळ करोलबागेत खरेदीला! संग्रहालयाचं नाव काढलं की मुलं नाकं मुरडतात आणि मोठ्यांचे पाय दुखू लागतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाचजण दिल्लीला गेलो. आम्ही दोघं, नववीतली लेक, चौथीतला चिरंजीव आणि माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा. निघण्यापूर्वीच एक नियम केला, प्रत्येकानं एकेक संग्रहालय निवडायचं आणि इतरांनी कुरकुर न करता तिथं जायचं. चौघांनी निवडलं. बाबा म्हणाले, "माझं काय, तुम्ही न्याल तिकडं येईन." आई गेल्यापासून, दोन वर्षं, प्रत्येक गोष्टीला त्यांचं हेच उत्तर असतं.

पहिला मान यजमानांचा. जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय १९४९ साली राष्ट्रपती भवनात सुरू झालं आणि १९६० मध्ये आजच्या इमारतीत आलं. इथं सगळं पाहायचं ठरवलं तर घोटाळा होतो. आम्ही फक्त सिंधू संस्कृतीचं दालन नीट पाहिलं. पाठ्यपुस्तकात पानभर दिसणारी मोहेंजोदडोची 'नर्तकी' प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे! "एवढीशीच?" लेक म्हणाली आणि मग काचेला नाक लावून दहा मिनिटं उभी राहिली. कमरेवर हात, हातभर बांगड्या आणि चेहऱ्यावर 'मला कोण विचारणार' असा तोरा. बाबा मात्र बाहेरच्या बाकावर बसून होते.

लेकीनं बाहुल्यांचं संग्रहालय निवडलं होतं. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली बहादूरशहा जफर मार्गावर ते सुरू केलं. मुलांच्या चित्रस्पर्धेसाठी हंगेरीच्या राजदूतांनी बक्षीस म्हणून एक बाहुली दिली आणि तिथून त्यांना हा छंद जडला. आज इथं सुमारे ८५ देशांच्या हजारो बाहुल्या आहेत. आपल्याकडच्या नवरानवरींच्या जोड्या तर पाहत राहाव्यात. कपड्यांवरून प्रांत ओळखायचा खेळ आम्ही खेळलो आणि मी सपशेल हरले.

माझी निवड गांधी स्मृती. या बिर्ला भवनात गांधीजींनी अखेरचे १४४ दिवस काढले. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी ते ज्या वाटेनं प्रार्थनेला निघाले, तिथं पावलांचे ठसे केले आहेत. चिरंजीव त्या पावलांच्या शेजारून चालत गेला आणि जिथं ती संपतात तिथं थांबला. "पुढं का नाहीत?" त्यानं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर देताना मोठ्या माणसांनाही शब्द शोधावे लागतात.

शेवटचा दिवस चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा. १९७७ साली उघडलेलं हे संग्रहालय बरंचसं मोकळ्या आवारात आहे, त्यामुळं मुलांना धावायला मुभा. पतियाळा संस्थानची १९०७ ची मोनोरेल पाहून चिरंजीव हरखला. तिचा भार वाहणारी चाकं एकाच रुळावर चालत आणि तोल सांभाळणारं मोठं चाक बाजूच्या रस्त्यावर! छोट्या गाडीत बसून फेरी झाली, भूक लागली आणि लक्षात आलं, बाबा कुठं आहेत?

शोधत गेलो तर ते एका लांबलचक इंजिनापुढं उभे होते. दोन्हीकडं लांब नाकाडं, मध्ये चालकाची खोली. पाटीवर नाव, 'सर लेस्ली विल्सन'. बाबा म्हणाले, "छे! हा खेकडा."

कल्याणच्या शेडमध्ये बाबा १९७३ साली फिटर म्हणून लागले, तेव्हा ही इंजिनं म्हातारी झाली होती. जी.आय.पी. रेल्वेनं कल्याण-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणासाठी १९२० च्या दशकाअखेरीस ती मागवली. एकूण ४१, काही स्वित्झर्लंडहून, बाकीची इंग्लंडहून. बोरघाटाचा चढ १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढं जाताना एक फूट वर. वळणावर इंजिन अडू नये म्हणून त्याचं अंग तीन भागांत जोडलेलं. "उभं असलं की कण्हायचं आणि चालायला लागलं की सूं सूं करायचं. आम्ही सगळे त्याला खेकडाच म्हणायचो."

चिरंजीवानं विचारलं, "घाट उतरताना ब्रेक निकामी झाला तर?"

बाबा जमिनीवर बसले आणि मातीत बोटानं घाट काढून दाखवला. उतारावर मोटारीच वीज तयार करत आणि ती वरच्या तारेत परत जाई. त्यामुळं गाडीचा वेग आवरला जाई आणि तीच वीज घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. "म्हणजे उतरणारी गाडी चढणारीला हात देते!" नातू म्हणाला. बाबा हसले. तोवर आणखी दोन कुटुंबं भोवती जमली होती आणि बाबा रेल्वेतल्या हिंदीत त्यांच्या शंका फेडत होते.

"आजोबा, हे तुम्ही आम्हाला कधी का सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही, बाळा."

नातवाला दिलेलं उत्तर मला लागलं. पंधरा वर्षं मी मुलाखती घेते आहे. परक्या माणसांना त्यांच्या कामाबद्दल शेकडो प्रश्न विचारले. घरातल्या माणसाला एकही नाही.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम, मात्र डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळं सकाळी घाई करू नका. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा वेळा आधी पाहून घ्या. एका दिवशी एकच संग्रहालय, फार तर दोन. पाण्याची बाटली आणि मेट्रोचं कार्ड जवळ असू द्या. आणि सोबत घरातलं वडीलधारं माणूस असेल, तर पाटी वाचण्याआधी त्यांना विचारा.

परतीच्या गाडीत वरच्या बाकावरून चिरंजीवानं विचारलं, "आजोबा, पुढच्या सुटीत कुठं जायचं?"

मी नेहमीच्या उत्तराची वाट पाहत होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "कर्जतला उतरू. तिथून गाडी घाट कशी चढते ते दाखवतो."