शेवाळाला लावलं कामाला!

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल शहरात १९८७ साली एक अजब मत्स्यालय उघडलं. २५ लाख लिटरच्या टाकीत चक्क जिवंत प्रवाळ! पण माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट साठतं. म्हणजे शेवाळाला आयतं खत! ते माजलं, की प्रवाळ गुदमरलेच.

मग सुरुवातीला काय केलं, माहितेय? शेवाळच वाढवलं, पण टाकीबाहेर! उथळ तबकात जाळी, वर उजेड आणि टाकीतलं पाणी जाळीवरून खेळवायचं. खत शेवाळाच्या पोटात, स्वच्छ पाणी परत टाकीत. युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांची.

घरच्या प्रवाळटाकीलाही ती चालते. फक्त शेवाळ वेळच्या वेळी खरवडून फेकायचं. आळस केलात, तर ते कुजून सगळं खत पुन्हा पाण्यात!