बुडाचा दगड

आमच्याकडं भिंत पडली की लोक पावसाला बोल लावायचे. माझा आज्जा मात्र म्हणायचा, "पाऊस वरून येतोय, पण भिताडाचं मरण बुडात असतंय."

आमचं घर माळवदाचं, दोन हात रुंद पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. पण ती माती जमिनीला कुठंच टेकलेली नव्हती. खाली कमरेइतकं काळ्या दगडाचं जोतं. माळवदाचं पाणी पन्हाळातून पडलं की शिंतोडे गुडघ्यापर्यंत उडायचे, ते दगड झेलायचा. जमिनीतली ओलही दगडातून फारशी वर चढत नाही. पन्हाळं हातभर पुढं काढलेली, खाली फरशी, फरशीला गल्लीकडं उतार. पावसाळ्याआधी आज्जी शेणमातीनं भिंती लिंपायची. झिजायचं ते लिंपण झिजायचं, भिंत राहायची. गावच्या पडक्या गढीचे बुरूजही असेच, खाली दगड अन् वर माती.

ओल काय करते ते मोहेंजोदडोत दिसतं. तिथं साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भिंती भाजक्या विटांच्या. १९२२ पासून त्या उकरून उघड्या केल्या, तसं जमिनीतलं खारं पाणी विटांत चढू लागलं. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, फुगतं आणि विटेचा भुगा करतं. आपण त्यालाच लोणा म्हणतो.

आमच्या भिंतीला तो लागला गल्लीमुळं. सिमेंटचा रस्ता तीनदा झाला, दर वेळी जुन्यावरच नवा थर. जोत्याच्या तीन पायऱ्यांपैकी एकच उरली. गल्लीचं पाणी उलटं भिंतीकडं वळलं. चुलत्यांनी बुडाला सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आतच कोंडली. गिलाव्याचा पोपडा सुटला आणि मागची माती मुठीमुठीनं गळायला लागली. आई त्याच भिंतीलगत झोपायची.

ठेकेदार म्हणाला, "पाडून टाका." आई घर सोडायला तयार नव्हती. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं. त्यानं सिमेंट खरवडलं, भिंत आठ दिवस वाळू दिली. मग एका वेळी हातभरच जागा कोरायची, दगड बसवायचा, तो पक्का झाला की पुढची जागा. अशी दगडाची रांग नव्या रस्त्यापेक्षा गुडघाभर वर आणली. भिंतीलगत चर खणून खडी भरली, पाणी परड्याकडं काढलं.

दोन पावसाळे गेले. आई सकाळी उठली की भिंतीच्या बुडाला तळहात लावते, "कोरडं हाय," म्हणते आणि चुलीकडं जाते.