भिवंडीवरून रावळपिंडी

दिवाळी अंकांच्या जाहिराती लागल्या की पाठोपाठ ‘सुट्टीत घरबसल्या पाहा’ म्हणून जुन्या चित्रपटांच्या, मालिकांच्या याद्याही येतात. त्यांतला ‘सदाबहार’ हा शब्द दर वर्षी खुपतो. त्या एका पाकात ‘श्यामची आई’, ‘चिमणराव’, ‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘तमस’ सारखीच घोळून निघतात. पहिल्या तिघांची तक्रार नसावी. ‘तमस’ मात्र निदान भिवंडीच्या घरात तरी सदाबहार म्हणून लावता येत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती तिथे लावली पाहिजे. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर हिंदी लेखक भीष्म साहनी भाऊ बलराज यांच्याबरोबर इथे आले. जळलेल्या घरांत यंत्रमागांचं लोखंड वितळून पडलं होतं. गल्ल्या एखाद्या प्राचीन नगराच्या अवशेषांसारख्या दिसत होत्या. हे आपण आधी पाहिलंय, असं त्यांना वाटत राहिलं. पाहिलं होतं ते फाळणीच्या वेळच्या, १९४७ च्या रावळपिंडीत. तेवीस वर्षं आत दाबून ठेवलेलं शहर दुसऱ्याच शहराने वर काढलं. त्यातून लिहिलेल्या ‘तमस’ कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी रावळपिंडीकडच्या मुलखाची, पण तिचं बी भिवंडीच्या राखेतलं.

तिच्यावरची गोविंद निहलानींची मालिका दूरदर्शनवर आली जानेवारी १९८८ मध्ये. तोवर भिवंडी १९८४ मध्ये पुन्हा एकदा पेटून गेली होती. निहलानी कराचीत जन्मलेले, फाळणीने इकडे आलेले. मालिकेत स्वतः भीष्मजींनी हरनामसिंगचं काम केलं आहे: चहाचं दुकान मागे टाकून बायकोसह रातोरात गाव सोडणारा म्हातारा. त्याच महिन्यात, त्याच संचावर रविवारी सकाळी ‘रामायण’ही चालू होतं, हे आठवलं की त्या चौकोनी खोक्याच्या पोटाचं नवल वाटतं. कुणी म्हणेल, सणासुदीला दंगल कशाला? पण का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घराने चकलीच्या ताटाशेजारी जड मजकूरही ठेवला आहे, फराळाने त्याला कधी हरकत घेतली नाही. दुसरा आक्षेप खपली काढण्याचा, आणि तो जास्त वजनाचा. तो तेव्हा कोर्टातही गेला होता. मालिकेने माथी भडकतील, असं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली (आधी पाहणं, मग मत देणं, हा क्रम हल्ली मागे पडलाय). फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. सामान्य, शहाण्या प्रेक्षकाच्या नजरेने पाहा, असं त्याचं म्हणणं. तरीही ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला हा युक्तिवाद पुरत नाही, हे मान्य केलं पाहिजे. त्याने ती लावू नये. बाकीच्यांसाठी मात्र घर हीच योग्य जागा आहे. थिएटरच्या अंधारात मध्येच थांबवता येत नाही. घरात थांबवता येतं, पाणी पिऊन येता येतं, पोराने विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देणारी आजी कदाचित त्याच खोलीत बसलेली असते.

अडचण आवाजाची. मागांच्या खटखटीवर मात करायला इथल्या टीव्हीचा आवाज चढाच ठेवावा लागतो. खटखट थांबली की तरुणाला आधी वाटतं, वीज गेली. म्हाताऱ्याला आणखीही काही वाटू शकतं. आता कित्येक माग भंगारात गेले आणि मानकोली, राहनाळ, पूर्णा या बाजूला गोदामं उभी राहिली. मुंबई-ठाण्याला घरपोच जाणारा दिवाळीचा माल तिथून सुटतो, त्यात टीव्हीसुद्धा आणि पुस्तकंसुद्धा. त्यात ‘तमस’ची एखादी प्रत असलीच, तर ती चिकटपट्टीने बंद खोक्यात, रात्रीच्या टेम्पोत, गावाला बाहेरूनच वळसा घालून निघून जात असेल.