वहिनीची वही

औषधाचे उपकार मानावेत, तर ते औषध मला मिळालंच नव्हतं. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात क्रोन्सवरच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती, तिच्यात मी होतो. सगळं संपून बराच काळ लोटल्यावर कळवण्यात आलं, की माझ्या डबीतल्या गोळ्यांत औषध नव्हतं. दिसायला हुबेहूब, आत नुसतं पीठ. तरीही त्या दिवसांत मी सुधारलो होतो. मग मी देणं लागतो ते कुणाचं? हा हिशेब मांडायला बसलो की पहिलं नाव वहिनीचं येतं.

क्रोन्समध्ये शरीराची राखण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते. सूज, व्रण, पोटात कळ, जुलाब. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी या दुखण्यावर निबंध लिहिला. नावं आद्याक्षरांच्या क्रमाने छापली, म्हणून क्रोन पहिले आणि रोगावर नाव त्यांचं. गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर मागेच राहिले. आपल्याकडे या रोगाची गल्लत होते ती टीबीशी. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही इतके सारखे दिसतात, की पुष्कळदा आधी टीबीच्या गोळ्या देऊन पाहतात. मीही त्या घेतल्या. पुढे स्टिरॉइड आली, तोंड गोल झालं आणि खोपोलीच्या बाजारात लोक तब्येत सुधारल्याबद्दल माझं अभिनंदन करू लागले!

खोपोलीहून मुंबईला लोकल जाते, पण लोकलला संडास नसतो. ज्याला हे दुखणं नाही त्याला यात काही विशेष वाटणार नाही. दादा मला कर्जतला उतरवून पुण्याकडून येणाऱ्या लांबच्या गाडीत बसवायचा, तेही दाराजवळ.

चाचणीत नाव घालायच्या दिवशी वहिनी बरोबर होती. समोर कॅमेरा. नव्या औषधांच्या चाचणीत माणसाला नीट समजावून सांगितलं की नाही याचं चित्रीकरण हवं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला होता. कागद मराठीत होते. तिथल्या ताई एकेक वाक्य वाचून थांबायच्या. तुम्हाला खरी गोळी मिळते की खोटी, हे तुम्हालाही कळणार नाही आणि आम्हालाही. कधीही सोडून जाता येईल, उपचार थांबणार नाहीत. वहिनीने विचारलं, "आणि याचं काही बरंवाईट झालं तर?" ताईंनी भरपाईचा परिच्छेद पुन्हा वाचला. वहिनीने तो आणखी एकदा वाचायला लावला.

मग वही आली. क्रोन्सच्या चाचण्यांत एक गुणांक काढतात. १९७६ पासून तो चालत आलाय, आणि दीडशेच्या खाली आला की रोग शांत झाला असं धरतात. त्यातला मोठा वाटा रोग्याने घरी भरलेल्या सात दिवसांच्या नोंदींचा. पातळ शौच किती वेळा, पोटदुखी शून्य ते तीनमध्ये किती, एकूण बरं वाटणं शून्य ते चारमध्ये किती. मी लिहायचा कंटाळा करायचो. वहिनीने ती वही सरळ ताब्यात घेतली. पाहुणे बसलेले असोत, भाताची लावणी चालू असो, बांधावरून हाक यायची, "भावोजी, आज किती?" लाज पहिल्या आठवड्यातच संपली. उरलेल्या गोळ्या डबीसकट परत द्यायच्या असत, त्यांची मोजदादही तिचीच. जेवण वेळेवर, जुन्या तांदळाची पेज, तिखट बंद. मला चाचणीआधी कुणी इतकं वेळापत्रकात बांधलं नव्हतं.

त्या पिठाच्या गोळीचं मोल मला उशिरा उमगलं. उपाडासिटिनिब या दुसऱ्याच एका गोळीला मे २०२३ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळाली. तिच्या सुरुवातीच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून हजारावर रोगी होते, त्यांतल्या साधारण साडेतीनशेंना बारा आठवडे खोटी गोळी होती. एका चाचणीत खऱ्या गोळीवर ४९.५ टक्के लोकांचा रोग शांत झाला, खोटीवर २९.१ टक्के. हे २९ माहीत नसते, तर ४९ला काय अर्थ होता? आणि मी त्या २९ वाल्यांच्या जातीचा. रोग आपल्या लहरीने ओसरतो, हे एक कारण. माझ्या बाबतीत पेज आणि वही हेही असावं, असा माझा संशय आहे. डॉक्टर यावर फक्त हसतात.

आता मी अ‍ॅडॅलिमुमॅबची सुई घेतो. अहमदाबादच्या झायडसने २०१४च्या अखेरीस तिची देशी आवृत्ती आणली. तीही कुणीतरी माझ्याआधी टोचून घेतलीच असणार.

खोट्या गोळीची बातमी वहिनीला सांगितली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "पीठच होतं तर पेजेतच ढवळलं असतं की," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि ज्यांना खरी मिळाली, त्यांचं काय झालं?"

म्हटलं, फारसा गुण दिसला नाही. कंपनीने ती गोळी सोडून दिली.

"म्हणजे त्यांच्याही घरी कुणीतरी मोजत बसलं असणार," वहिनी म्हणाली आणि मला सूप धरायला लावलं.