खण रिकामा नाही

घर लहान असावं की मोठं, यावर पुष्कळ वाद घालता येतो. आमच्या घरात तो होत नाही. साडेपाचशे चौरस फुटांत वाद घालायला तरी जागा कुठाय?

बँकेत मी बावीस वर्षं जमा आणि नावे जुळवत बसलोय. घरच्या पुस्तकांच्या खात्याला मात्र एकच बाजू आहे, जमेची. दोष माझा नाही, अप्पा बळवंत चौकाचा आहे. तो टाळायला मी वाट वाकडी करतो, तर ती वाटच त्या चौकात येऊन सरळ होते!

सुरुवातीला एक लोखंडी कपाट होतं. खणात चाळीस पुस्तकं, असे पाच खण. ते भरल्यावर मी मागेपुढे दोन रांगा केल्या आणि जागा दुप्पट केली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. पण मागची रांग म्हणजे लॉकरमधले दागिने. आहेत एवढंच समाधान, दिसत कधी नाहीत. मग असलेलं पुस्तक नाही समजून पुन्हा आणलं जातं. 'माणदेशी माणसं' माझ्याकडे तीन आहेत. (तिन्ही वेळा आणताना आनंद मात्र तेवढाच झाला.)

पुढे दिवाणाचं पोट भरलं, माळा भरला, फ्रिजचा माथा भरला. स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे माझी नजर वळली तेव्हा हिला मी रंगनाथनांचा दाखला दिला. त्यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथालय हा वाढता जीव आहे, असा त्यातला पाचवा.

"वाढू दे की," ही म्हणाली. "पण डाळीच्या डब्यांवर वाढवा, असं म्हणालेत का ते?"

तसं काही ते म्हणालेले नाहीत.

नाना गेल्यावर आई गावी एकटीच पडली. तिला इकडे आणायचं ठरलं आणि दिवाण रिकामा करणं आलं. बँकेत जुनं रेकॉर्ड काढून टाकायला मुदती असतात, वर सह्या लागतात. इथे हिची सही केव्हाच झाली होती, अडलं होतं माझ्यापाशी. पुस्तक हातात घ्यायचं, उघडायचं नाही असं ठरवायचं आणि उघडायचं. असे दोन रविवार गेले. शेवटी साठ पुस्तकं वाचनालयाला दिली. त्यातली चार परत आणली, हे हिला अजून माहीत नाही.

आई आली. कपडे दोन पिशव्यांत, आणि सोबत एक पत्र्याची ट्रंक. ती उतरवताना रिक्षावाला आणि मी एकदमच कण्हलो. उघडली तर आत भारतीय संस्कृतिकोशाचे दहाच्या दहा खंड, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. नानांनी पगारातून एकेक करून घेतलेले. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात तारीख आणि किंमत.

"तुझ्याकडे जागा नाही, ठाऊक आहे रे," आई म्हणाली. "पण रद्दीवाला किलोवर मागत होता. माझ्या उशाशी राहू देत. मी काय, अंग चोरून झोपेन."

मी हिच्याकडे बघायचं टाळलं. ती आत गेली. तिच्या कपाटाचं दार करकरलं. बाहेर आली ती हातात साड्यांचा ढीग घेऊन.

"आई, खण रिकामा केलाय. मावतील दहाही."

"अगं, पण साड्या कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"फ्रिजवर," ही म्हणाली. "तुमची तिथली काढा."