हक्कसोड

कायदा आणि संस्कृति यांचा संबंध काय, हा विषय आमच्या महाविद्यालयांतून निबंधासाठीं वर्षानुवर्षें दिला जातो आणि त्यावरील निबंधहि बहुधा एकाच सांच्यांतून निघतात. आरंभीं कायद्याची व्याख्या, मग संस्कृतीची, आणि शेवटीं दोन्ही परस्परांस पूरक आहेत असा निष्कर्ष! असे शेंकडों निबंध तपासल्यावर माझें असें मत झालें आहे कीं, जो निबंध लिहिणाराला अडचणींत टाकीत नाहीं, तो वाचणाराच्या पदरांतहि कांहीं टाकीत नाहीं.

जालना जिल्ह्यांतील एका गोदाकांठच्या खेड्यांतून येणारी आमची एक विद्यार्थिनी गेल्या वर्षीं हाच विषय घेऊन मजकडे आली. तिच्या वहींत परदेशी पंडितांचीं नांवें पुष्कळ होतीं. तिच्या गांवाचें नांव मात्र कोठेंच नव्हतें. मीं तिला दोन ठिकाणें दाखविलीं. एक, महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास. दुसरें, तिच्याच गांवच्या तलाठ्याकडील फेरफाराचें दप्तर. पहिल्याच्या आकारानें ती दबली. दुसऱ्याचें नांव ऐकून हसली.

कायदा म्हणजे लंडनाहून आलेली आणि दिल्लींत वाढलेली वस्तु, अशी तिची समजूत होती. वस्तुतः ज्या मिताक्षरेच्या आधारें देशाच्या बहुतेक भागांतील हिंदूंचा वारसा न्यायालयांनीं ठरविला, ती विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याणी या राजधानींत रचिली. आणि ती कल्याणी १९४८ पर्यंत आमच्याप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होती. व्यवहारमयूखाचा कर्ता नीलकंठ काशीस झाला खरा, पण त्याच्या भट्ट घराण्याचें मूळ आमच्या शेजारच्या पैठणचें. मजकूर पाहून तर तिला अधिकच नवल वाटलें. विज्ञानेश्वर वारशानें आलेल्या धनासहि स्त्रीधन म्हणतो. नीलकंठ बहिणीला भावाच्या वारसांत जवळचें स्थान देतो. मात्र पुत्र जन्मतःच वाटेकरी आणि कन्या वारसांच्या रांगेंत विधवेच्याहि मागें, ही मूळ चौकट तशीच राहिली. ती पुढें कायद्यानें मोडली. १९५६ मध्यें मुलीला बापाच्या हिश्शांत वारस म्हणून वांटा मिळाला. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें अविवाहित मुलींना, आणि केंद्रानें २००५ मध्यें सर्वच मुलींना, जन्मापासूनच्या वाटेकरी केलें. त्यासाठीं २००५ मध्यें बाप हयात असण्याची अट नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें स्पष्ट केलें.

येथवरचा निबंध कोणत्याहि हुशार मुलीनें लिहिला असता. यानंतर ती दप्तराकडे वळली. घरच्या पेटींतील जुने कागद उर्दूंत होते. ते वाचण्यासाठीं तिला नव्वदीच्या घरांतील एक गृहस्थ शोधावे लागले. त्या कागदांत तिच्या घराण्यांतील एकाहि स्त्रीचें नांव निघालें नाहीं. अलीकडच्या फेरफारांत मात्र नांवें होतीं. आजोबा वारल्यावर दोघां मुलांबरोबर तिन्ही आत्यांचीं नांवें वारस म्हणून लागलीं होतीं, आणि पुढच्याच नोंदींत हक्कसोडपत्राच्या आधारें तीं तिन्ही कमी झालीं होतीं. मग ती मामाच्या गांवीं गेली. तेथें तिच्या आईचें नांव अगदीं त्याच रीतीनें आलें होतें आणि गेलें होतें.

तिनें आईला विचारलें. आई म्हणाली, “भावानं लुगडं-चोळी केली, पोरांना जेवू घातलं, मी सही केली. जमीन डोक्यावर घेऊन कुठं जाऊ? उद्या माहेरचं दार बंद झालं तर दिवाळीला कुणाकडं बघायचं?”

हें उत्तर अडाणीपणाचें म्हणून टाकून देणें सोपें आहे. मला तें तसें वाटलें नाहीं. सासरीं कांहीं कमीजास्त झालें तर परत येण्यास एक दार असावें, एवढ्यासाठीं आमच्या मुलखांतील बायका एकरांवर पाणी सोडतात. त्यांच्या दृष्टीनें तो विमाच असतो. भावाची बाजूहि अगदींच खोटी नाहीं. चार एकर कोरडवाहू जमीन, त्यावर कापूस, त्यावर कर्ज, आणि त्याचे पांच वांटे! मीं हें सर्व तिच्यापुढें मांडलें आणि म्हटलें, “बहीण आपखुशीनें देते, तो कायद्याचा पराभव कसा?”

तिनें मला तत्काळ उत्तर दिलें नाहीं. तें निबंधांत आलें. तिनें लिहिलें होतें कीं, दान तें, जें नाकारलें तरी नातें टिकतें. माझ्या आईनें सही नाकारून पाहिली नाहीं, म्हणून तें दान होतें कीं दाराचें भाडें होतें, हें तिलाहि ठाऊक नाहीं आणि मामालाहि नाहीं. त्याखालीं आणखी एक वाक्य होतें: जो हक्क सोडून घ्यावा लागतो तो आधीं असावा लागतो, पणजीची सही कोणी मागितली नव्हती, आईची मागावी लागली.

कायदा संस्कृतीला एका दिवसांत बदलीत नाहीं. पण तिला एक कागद पुढें करावयास लावतो, आणि त्या कागदाशीं क्षणभर थांबणें भाग पडतें. एवढें तरी या मुलीमुळें मला नीट दिसलें.

तो निबंध स्पर्धेंत दुसरा आला. परीक्षकांचा शेरा होता, ‘माहिती उत्तम, निष्कर्ष नाहीं.’ शेरा यथार्थ आहे. तिला एक धाकटा भाऊ आहे. तो सध्यां बारावींत शिकतो. वडिलांनीं निबंध वाचून घेतला आणि ‘माझ्यामागें तुम्ही दोघं बघा’ एवढेंच म्हणून ते शेतावर गेले. भावानें मात्र तो दोनदां वाचला आणि तिला विचारलें, “मग तूं सही करशील?” ती म्हणाली, “तूं मागशील?”

निष्कर्ष आहे तो तेथें आहे, आणि तो लिहिण्याचा दिवस अजून यावयाचा आहे.